हळद शोधताना: डिजिटल तपासात मजकुराचा इंडेक्स आणि शोध, नव्यांसाठी

सांगलीच्या मार्केट यार्डाशी ज्याचा थोडाफार संबंध आला आहे, त्याला इंडेक्स समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. रोजकीर्दीत दिवसाचे व्यवहार ओळीने उतरतात. आज कोणाची हळद आली, कोणाला उचल दिली, हमाली-तोलाई किती झाली. पण एका शेतकऱ्याशी वर्षभरात काय काय झालं हे बघायचं असेल, तर रोजकीर्द पहिल्या पानापासून वाचत कोणी बसत नाही. खतावणी काढतात, त्याचं खातं उघडतात, आणि तिथे प्रत्येक नोंदीपुढे रोजकीर्दीचं पान लिहिलेलं असतं.

शोध सॉफ्टवेअर हीच खतावणी बनवतं. हार्ड डिस्कवरची प्रत्येक फाईल उघडतं, मजकूर बाहेर काढतं, त्याचे शब्द पाडतं आणि प्रत्येक शब्दापुढे तो कोणत्या फाईलमध्ये कुठे आहे ते मांडून ठेवतं. यालाच इंडेक्स म्हणायचं. तो बनायला रात्र जाते, पण नंतर शब्द टाकला की उत्तर क्षणात येतं. आणि दिवाणजीने जी नोंद खतवलीच नाही, ती खतावणीत सापडत नाही. रोजकीर्दीत मात्र ती असतेच. या कामात नवा माणूस फसतो तो नेमका इथे.

मीही फसलो आहे. एका अडत दुकानाच्या भागीदारांमधला वाद होता. मी एका नावाचा शोध घेतला, शून्य हिट आले, म्हणजे तो शब्द एकदाही सापडला नाही, आणि अहवालात बेधडक लिहून टाकलं की या संगणकावर हे नाव नाही. दुसऱ्या बाजूच्या माणसाने त्याच डिस्कवरची एक वर्डची फाईल नुसती उघडून दाखवली. नाव पहिल्याच ओळीत, ठळक अक्षरात. फाईल जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाईप केलेली होती. अहवाल मागे घ्यावा लागला. त्या दिवसापासून मी ‘नाही’ हा शब्द अहवालात लिहीत नाही. ‘या साधनाने, या सेटिंगवर, या शब्दांनी शोधलं असता आढळलं नाही’ असं लिहितो. लांबलचक वाटतं, पण खरं तेवढंच असतं.

आधी कागद

डिस्कला हात लावण्याआधी लेखी परवानगी घ्या. संगणक कोणाचा, तपासायला कोणी सांगितलं, कोणत्या काळातला आणि कोणत्या विषयाचा मजकूर बघायचा, हे एका पानावर सहीसकट हवं. दुसऱ्याच्या संगणकात परवानगीशिवाय शिरणं माहिती तंत्रज्ञान कायदा २०००च्या कलम ४३ मध्ये बसतं, आणि ते अप्रामाणिक हेतूने केलं असेल तर कलम ६६ लागून गुन्हा होतो. ‘मालकाच्या मेहुण्याने सांगितलं’ ही परवानगी नव्हे. प्रकरण फौजदारी वळणाचं दिसलं तर स्वतः उकरत बसू नका, पोलिसांकडे जायला सांगा.

विषयाची मर्यादाही कागदावरच ठरते. हळदीच्या उधारीचा वाद असताना मालकाच्या मुलीचे फोटो किंवा कोणाचे दवाखान्याचे कागद वाचायचं तुम्हाला कारण नाही. इंडेक्स सगळंच वाचतो, तुम्ही मात्र सगळं वाचायचं नसतं.

मग प्रत

मूळ डिस्कवर कधीही शोध घ्यायचा नाही. नुसता संगणक चालू केला तरी विंडोज शेकडो फाईलींना हात लावतं आणि वेळांच्या नोंदी बदलतात. डिस्क राइट-ब्लॉकरला, म्हणजे तिच्यावर काही लिहू न देणाऱ्या उपकरणाला, जोडायची आणि एफटीके इमेजर किंवा गायमेजरसारख्या मोफत साधनाने तिची बिट-बिट प्रत, म्हणजे इमेज, काढायची. सोबत हॅश काढायचा, म्हणजे डिस्कवरच्या सगळ्या बाइटवरून गणिताने निघणारा एक आकडा. शक्य असेल तर त्यासाठी एसएचए-२५६ ही पद्धत घ्या. एक बिट जरी बदलला तरी हा आकडा पार वेगळा येतो, म्हणून तो डिस्कच्या बोटाच्या ठशासारखा वापरतात. इमेज झाल्यावर तिचा हॅश मूळ डिस्कच्या हॅशशी जुळतो का ते पाहा, दोन्ही वहीत लिहा, आणि मूळ डिस्क सील करून ठेवा.

आमच्याकडे कृष्णेला पूर येतो, त्यामुळे एक गोष्ट सांगून ठेवतो. २०१९च्या पुरानंतर भिजलेले संगणक ‘बघू चालतोय का’ म्हणून लोकांनी उन्हात वाळवून चालू केले. भिजलेल्या डिस्कला वीज देऊ नका. ते काम डेटा रिकव्हरीवाल्याचं आहे. इमेज तो काढून देईल, तुमचं काम त्यानंतर सुरू होतं.

साधन कोणतं घ्यायचं

सुरुवात ऑटोप्सीने करा. मोफत आहे, मुक्तस्रोत आहे, विंडोजवर सरळ चालतं. त्याच्या पोटात अपाचे सोलर हे शोध इंजिन आहे आणि ते ल्यूसीनवर उभं आहे. एफटीके या विकतच्या साधनात डीटीसर्च हे इंजिन आहे. इंजिनाचं नाव माहीत असावं, कारण शब्द कुठे तोडायचा आणि कोणता शब्द फालतू म्हणून सोडायचा हे तेच ठरवतं. उदाहरणार्थ, डीटीसर्चमध्ये सोडून द्यायच्या शब्दांची एक यादी असते आणि जोडरेघेचं काय करायचं याचीही सेटिंग असते. वाहनाचा नंबर जोडरेघेने लिहिला असेल तर त्या सेटिंगवर तो सापडणं-न सापडणं ठरतं.

ऑटोप्सीत नवी केस उघडा, केसचं फोल्डर वेगळ्या एसएसडीवर ठेवा, भरपूर जागा सोडा. इमेज जोडली की कोणती मॉड्यूल चालवायची ते तो विचारतो. सगळ्यांवर टिक मारायचा मोह होईल, तो आवरा. मजकुराच्या शोधासाठी कीवर्ड सर्च तर हवंच. झिप आणि तत्सम गाठोडी उघडण्यासाठी एम्बेडेड फाईल एक्स्ट्रॅक्टर, मेलसाठी ईमेल पार्सर, कुलूपबंद फाईली दाखवण्यासाठी एन्क्रिप्शन डिटेक्शन घ्या. पुसलेलं परत जुळवायचं असेल तर फोटोरेक. आणि हॅश लुकअप: अमेरिकेच्या निस्ट या संस्थेची एनएसआरएल नावाची ओळखीच्या फाईलींच्या हॅशची यादी आहे. ती जोडली की विंडोजच्या स्वतःच्या हजारो फाईली इंडेक्समधून वगळता येतात. धान्य पाखडून घेतल्यासारखं होतं.

कीवर्ड सर्चच्या सेटिंगमध्ये दोन गोष्टी नवखे बघतच नाहीत. एक, कच्च्या बाइटमधून मजकूर ओढताना कोणत्या लिप्या ओळखायच्या त्याची निवड. दुसरी, ओसीआर. स्कॅन केलेली पट्टी (मालाच्या विक्रीच्या हिशेबाचा कागद) म्हणजे संगणकाच्या दृष्टीने फोटो, त्यात अक्षर एकही नाही. ओसीआर चालू केलं की टेसरॅक्ट हे साधन त्या फोटोतली अक्षरं वाचतं. पण मराठीची भाषा-फाईल वेगळी टाकावी लागते, नाहीतर ते मराठी मजकूर इंग्रजी समजून वाचतं आणि भलतंच काहीतरी इंडेक्समध्ये घालतं. छापील मजकूर बरा वाचला जातो. दिवाणजींच्या हातचं अक्षर मात्र तुम्हालाच बसून वाचावं लागेल.

चाचणीची पेनड्राइव्ह

हा भाग वगळू नका. खऱ्या केसला हात लावायच्या आधी एक रिकामी पेनड्राइव्ह घ्या आणि तिच्यावर ‘हळद’ हा शब्द जितक्या तऱ्हांनी लपू शकतो तितक्या तऱ्हांनी ठेवा. मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाकडून हे करून घेतो.

नोटपॅडमध्ये युनिकोड मराठीत लिहिलेली साधी फाईल. तीच एकदा यूटीएफ-८ आणि एकदा यूटीएफ-१६ या युनिकोड साठवायच्या दोन पद्धतींत जतन केलेली. वर्डची फाईल. एक्सेलमध्ये इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं ‘हळद’. कृतीदेव किंवा श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेलं पत्र. स्कॅन केलेली पीडीएफ. झिपच्या आत झिप. पासवर्ड घातलेली फाईल. व्हॉट्सॲपमधून एक्स्पोर्ट केलेलं संभाषण. आणि शेवटी एक फाईल ठेवून लगेच पुसून टाका. प्रत्येकीत काय घातलं ते कागदावर लिहून ठेवा. मग इमेज काढा, ऑटोप्सीत घाला आणि ‘हळद’ शोधा.

पहिल्या फेरीत सगळ्या सापडल्या असं सांगणारा विद्यार्थी मला अजून भेटलेला नाही. कोणती निसटली आणि का, हे शोधण्यातच अर्धं शिक्षण होतं.

वर्डच्या फाईलचंच बघा. आजची वर्ड किंवा एक्सेलची फाईल म्हणजे आतून झिप असते. त्यामुळे डिस्कच्या कच्च्या बाइटमध्ये ‘हळद’ शोधली तर त्या फाईलमधली हळद मिळणार नाही, कारण तिथे ती दाबून बसवलेल्या रूपात आहे. इंडेक्सने फाईल उघडून वाचली असेल तर मिळेल. पुसलेल्या साध्या टेक्स्ट फाईलचा एखादा तुकडा रिकाम्या दिसणाऱ्या जागेत पडलेला असेल, तर तो कच्च्या शोधात मिळतो. हरिपूरची हळदीची पेवं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे पटेल. वरून नुसती जमीन दिसते, माल खाली असतो. तेव्हा दोन्ही शोध घ्यावे लागतात. कच्चा शोध घेताना लक्षात ठेवा की ‘हळद’ यूटीएफ-८ मध्ये ९ बाइटची असते आणि यूटीएफ-१६ मध्ये ६ बाइटची. विंडोज आतल्या कामासाठी बहुतेक ठिकाणी दुसरी पद्धत वापरतं, म्हणून दोन्हींची टिक हवी. संगणकात एसएसडी असेल तर पुसलेल्याची फार आशा धरू नका. ट्रिम नावाची सोय ती जागा बहुतेक वेळा साफ करून टाकते.

एक्सेलमधल्या रकमांची वेगळी गंमत. पडद्यावर १२,४०,००० दिसतं, पण फाईलमध्ये स्वल्पविराम नसतात, नुसता आकडा असतो. तारीख तर दिवसांच्या क्रमांकाने साठवलेली असते: १ एप्रिल २०२४ म्हणजे ४५३८३. तुमचं साधन इंडेक्समध्ये आतला आकडा घेतं की पडद्यावरचं रूप, हे पेनड्राइव्हवरच तपासून घ्या आणि मग रक्कम दोन्ही तऱ्हांनी शोधा.

मराठीची गाठ

बाहेरच्या मार्गदर्शकांत हे सापडणार नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

जुने मराठी फॉन्ट म्हणजे मुखवटा. फाईलमध्ये इंग्रजी अक्षरं असतात, फॉन्ट त्यांना देवनागरी चेहरा देतो. कृतीदेवमध्ये ‘हळद’ टाईप केली की फाईलमध्ये साठतं ते छोटा जी, मोठा जी आणि एन. आता इंडेक्स करताना बहुतेक साधनं मोठी अक्षरं छोटी करून टाकतात. झालं, ह आणि ळ एकच होऊन बसले. त्याहून वाईट म्हणजे ध हे अक्षर तिरकी रेघ आणि के मिळून बनतं. तिरकी रेघ दिसली की साधन म्हणतं शब्द संपला. म्हणजे ‘उधारी’ मधोमध तुटते, एका बाजूला एम (कृतीदेवमधला उ) आणि दुसऱ्या बाजूला उरलेलं शेपूट. वादातला सगळ्यात महत्त्वाचा शब्दच मोडका.

यावर उपाय आहे. शोधायचा शब्द त्याच फॉन्टमध्ये टाईप करून बघा, फॉन्ट काढून त्याची इंग्रजी अक्षरं उतरवून घ्या, आणि ती ओळ शब्दयादीत घाला, तुटलेल्या शेपटासकट. प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी, म्हणून आधी संगणकावर कोणते फॉन्ट बसवलेले आहेत ते विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमध्ये पाहायचं. फाईली थोड्या असतील तर त्या प्रतीवर युनिकोडमध्ये रूपांतरित करून वेगळा इंडेक्स केलेला बरा. काही पीडीएफमध्येही हाच प्रकार असतो. दिसतं मराठी, कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवलं की चिन्हांचा चिवडा.

युनिकोड आलं म्हणून सगळं सुरळीत झालं असंही नाही. ‘शेतकऱ्याची’ यातला ऱ्य दोन तऱ्हांनी साठवता येतो: एकात नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर फरक दिसत नाही, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. ‘ॲडव्हान्स’चा ॲ हे युनिकोडमध्ये २००८ साली आलेलं एकच अक्षर आहे, पण अनेक कीबोर्ड अजून अ आणि वरची चंद्रकोर वेगवेगळी टाकतात. आकडेही देवनागरी की इंग्रजी, दोन्ही शोधायचे.

मग आपलं व्याकरण. मराठी शब्द विभक्ती लागली की रूप बदलतो. ऑटोप्सीत ‘एक्झॅक्ट मॅच’ ठेवून ‘हळद’ शोधली तर ‘हळदीचे पैसे’ हाती लागणार नाही. त्यासाठी ‘सबस्ट्रिंग मॅच’ निवडा. ‘बेदाणा’ शोधायचा तर ‘बेदाण’ एवढंच टाका, म्हणजे बेदाणे आणि बेदाण्याचा दोन्ही येतात. पण ‘पैस’ टाकून ‘पैशांचे’ मिळत नाही, तिथे ‘पैश’ वेगळा घालावा लागतो. हिशेब आणि हिशोब, दोन्ही लिहिणारे लोक आहेत. तिथे कोण बरोबर ही चर्चा दुसऱ्या दिवशी करा.

मोबाईलवर तर मराठी इंग्रजी अक्षरांतच जास्त लिहिली जाते. हळदीची पाच-सहा स्पेलिंग सहज होतात. व साठी व्ही की डब्ल्यू, श साठी एसएच की नुसता एस. ज्या माणसाचे संदेश तपासायचे त्याचे दहा-वीस संदेश आधी नुसते वाचा. प्रत्येकाची एक ठरलेली लकब असते, ती कळली की यादी निम्मी होते.

शब्दयादी

यादी टेबलाशी बसून बनवू नका, धंद्यातल्या माणसाला विचारून बनवा. पुस्तकी माणूस ‘हळद’ शोधेल. अडतीतला माणूस संदेशात ‘सेलम’, ‘राजापुरी’, ‘गठ्ठा’, ‘कणी’ लिहील, हळद हा शब्द त्याला लागतच नाही. बेदाण्याच्या व्यवहारात ‘पेटी’ म्हणतील. रोख व्यवहाराला प्रत्येक पेढीचा आपला शब्द असतो, तो विचारल्याशिवाय कळत नाही.

शब्दांसोबत नमुने घ्या. ऑटोप्सीत फोन नंबर, ईमेल, वेबपत्ते यांच्या याद्या तयार मिळतात, पण आपल्याकडचे नमुने स्वतः लिहावे लागतात. मोबाईल नंबर १० आकडी आणि ६ ते ९ ने सुरू होणारा, पुढे कधी +९१, मध्ये कधी मोकळी जागा. पॅन म्हणजे पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. त्यातलं चौथं अक्षर व्यक्तीला पी, फर्मला एफ, कंपनीला सी. जीएसटी क्रमांक १५ चिन्हांचा, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो आणि पुढे पॅनच असतो, म्हणजे जीएसटी क्रमांक सापडला की पॅन आपोआप हाती येतो. बँकेच्या शाखेच्या आयएफएससी कोडची ११ चिन्हं, पाचवं नेहमी शून्य. सांगलीच्या गाड्यांना एमएच १०, साताऱ्याच्या एमएच ११. नमुने पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहीत असाल तर एक खड्डा आहे: तिच्या मूळ रेगेक्समधलं, म्हणजे नमुने लिहायच्या सोयीतलं, ‘शब्दातलं अक्षर’ हे चिन्ह काना-मात्रा-वेलांटीला अक्षर मानत नाही. मराठी शब्द मात्रेपाशी तुटतात.

हिट वाचणं

‘पट्टी’ शोधली की ढिगाने हिट येतील आणि त्यात मलमपट्टीही असेल. आधी दुर्मीळ शब्द बघा: नाव, खातेक्रमांक, वाहनाचा नंबर. मग त्या फाईलींच्या आसपासच्या तारखा. हिट दिसला की फाईल उघडून मागचा-पुढचा मजकूर वाचल्याशिवाय टॅग करू नका. तीच फाईल मेलमध्ये, डाउनलोडमध्ये आणि बॅकअपमध्ये असली तर हिट तीन दिसतात, व्यवहार एकच असतो. हॅश सारखा असेल तर एकदाच मोजा.

इंडेक्सने काय वाचलं नाही त्याची यादीही काढा: पासवर्डच्या फाईली, बिघडलेल्या फाईली, ओसीआर न झालेले फोटो. टॅलीचा डेटा त्याच्या स्वतःच्या स्वरूपात असतो. तो प्रतीवरून टॅलीतच उघडून बघायचा, शब्दशोधावर सोडायचा नाही. व्हॉट्सॲपचा फोनमधला डेटाबेस आणि त्याचा कुलूपबंद बॅकअप हे मोबाईल तपासाचं वेगळं काम. ही सगळी यादी अहवालात शब्दशः द्या. वाचणाऱ्याला ती कंटाळवाणी वाटेल, उलटतपासणीत तीच तुम्हाला उभं ठेवते.

नोंद आणि प्रमाणपत्र

साधनाची आवृत्ती, सेटिंगचे स्क्रीनशॉट, पूर्ण शब्दयादी आणि प्रत्येक शब्दाला किती हिट आले, शून्य आलेल्यांसकट, हे जपा. दुसऱ्या माणसाला तेच करून तेच उत्तर मिळालं पाहिजे. १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ लागू आहे. त्याच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. जुन्या कायद्यात ते ६५-बी म्हणून ओळखलं जायचं. नव्या नमुन्यात दोन भाग आहेत, एक साधन ज्याच्या ताब्यात होतं त्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा. हॅश आणि तो कोणत्या पद्धतीने काढला, हे त्यात भरायचं असतं. पहिल्या दिवशी वहीत लिहिलेला आकडा इथे कामाला येतो. कागद वकिलांना आधी दाखवून घ्या.

काम संपल्यावर मूळ डिस्क पावतीवर परत करा. प्रत कधी पुसायची ते अशिलाकडून लेखी घ्या, आणि त्या दिवशी केसचं फोल्डरही पुसा. पुष्कळ जण इमेज पुसतात आणि इंडेक्स विसरतात. त्या माणसाच्या संगणकावरचा जवळजवळ प्रत्येक शब्द त्या इंडेक्समध्ये तसाच पडून असतो.